एका शब्दाची हकिकत : काळ, टंचाई, दुष्काळ



इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर किल्ले येतात, लढाया येतात, राजेरजवाडे येतात. आज त्यांपैकी काहीच सांगायचं नाही. आज गोष्ट सांगायची आहे ती चार-दोन शब्दांची. 'शब्दांनी काय पोट भरतं?' असं कुणी म्हणेल. माझं म्हणणं असं, की भरतं, आणि वेळेवर न उच्चारलेल्या शब्दापायी पोट उपाशीही राहतं. ते कसं, ते पाहू.

वर्धा जिल्ह्यातलं आपलं कारंजा, घाडग्यांचं कारंजा, नागपूर-अमरावती रस्त्यावरचं गाव. वाशिमकडच्या लाडांच्या कारंज्याशी त्याची गल्लत होऊ नये म्हणून आपण कंसात 'घाडगे' लिहितो. पाहा, नावातला एक शब्द चुकला तर पत्र भलत्याच जिल्ह्यात जायचं! तसंच संकटाच्या नावाचंही आहे. शेतात पीक करपलं, हे सगळ्यांना दिसतं. पण सरकारी कागदावर त्याला 'टंचाई' म्हटलं की 'दुष्काळ' म्हटलं, यावर पंपाचं वीजबिल कमी होणार की नाही, पोरांची परीक्षा फी माफ होणार की नाही, कर्जाची वसुली थांबणार की नाही, हे ठरतं.

आपल्या आज्यापणज्यांचा शब्द होता 'काळ'. 'त्या साली काळ पडला' असं ते म्हणत. काळ म्हणजे वेळ, काळ म्हणजे मरण, आणि काळ म्हणजे उपासमारीचं वर्षही. चांगला काळ तो सुकाळ, वाईट काळ तो दुष्काळ. या शब्दात कुणाची जबाबदारी सांगितलेली नाही. काळ 'पडतो', जशी वीज पडते. १६३० च्या सुमारास दख्खनमध्ये जो भयंकर दुष्काळ पडला, त्यात तुकोबारायांचं घर होरपळलं, त्यांची पहिली पत्नी गेली. अशा वेळी लोक काय करीत? गुरं सोडून देत, गाव सोडीत, देवाला साकडं घालीत. कुणी दानशूर सावकार किंवा सरदार कोठार उघडी, कुणी सारा माफ करी. पण अमुक झालं म्हणजे अमुक करायलाच हवं, असा लेखी नियम रयतेच्या हाती नव्हता. काळ आला की तो सोसायचा, एवढंच.

नियम आला तो इंग्रजांच्या राज्यात, आणि तोसुद्धा लाखो माणसं मेल्यावर. १८७६ ते १८७८ या वर्षांत दख्खन आणि मद्रासकडे महादुष्काळ पडला. त्यानंतर सरकारने सर रिचर्ड स्ट्रॅची यांच्या अध्यक्षतेखाली दुष्काळ आयोग नेमला. १८८० साली त्याचा अहवाल आला, आणि १८८३ साली दुष्काळ संहितेचा, म्हणजे 'फॅमिन कोड'चा मसुदा तयार झाला. त्यावरून निरनिराळ्या प्रांतांनी आपापल्या संहिता केल्या.

या संहितेत एक गोष्ट मोठी शहाणपणाची होती. माणसं मरायला लागली म्हणजे दुष्काळ, असं तिनं मानलं नाही. त्याआधीच्या खुणा ओळखा, असं तिनं अधिकाऱ्यांना बजावलं. धान्याचे भाव एकाएकी चढले का? सावकार उसनं द्यायला नाही म्हणू लागले का? बिऱ्हाडंच्या बिऱ्हाडं गाव सोडून चालली का? लहानसहान चोऱ्या वाढल्या का? या खुणा दिसल्या, की आधी चाचणीचं काम काढायचं. कमी मजुरीवर खडी फोडायला किती लोक येतात ते पाहायचं. पुष्कळ आले, तर संकट खरं. मग मोठी कामं, अपंग-म्हाताऱ्यांना फुकट अन्न, शेतकऱ्यांना तगाई. तगाईचे कायदेही याच सुमाराचे, १८८३ आणि १८८४ सालचे.

कागद चांगला होता, पण कागदाला हात-पाय माणसांचे लागतात. आपला वर्धा जिल्हा १८६२ साली नागपुरातून वेगळा झाला होता आणि तो मध्यप्रांतात होता. त्या प्रांतावर १८९६-९७ साली एक दुष्काळ आला, आणि लोक सावरतात न सावरतात तोच १८९९-१९०० साली दुसरा. संवत १९५६ चा म्हणून पुष्कळ ठिकाणी त्याला 'छपन्नचा काळ' म्हणतात. संहिता कपाटात तयार होती, तरी पहिल्या दुष्काळात मध्यप्रांतात फार माणसं दगावली. दुसऱ्या वेळी कामं लवकर निघाली. पण मजुरी जेमतेम, आणि उपासानं खंगलेल्या शरीरांवर ताप-पटकीचा घाला. १८९१ च्या शिरगणतीत वर्धा जिल्ह्याची वस्ती सुमारे ४ लाख होती. १९०१ साली ती ३ लाख ८५ हजारांच्या आसपास उतरली. दहा वर्षांत वस्ती वाढायची ती घटली! गुरुजी, वर्गात मुलांना हे दोन आकडे फळ्यावर लिहून दाखवा. 'बाकी किती राहिले?' एवढंच विचारू नका. 'ते कुठे गेले?' हेही विचारा.

आता दुसरा शब्द घेऊ, तो म्हणजे 'आणेवारी'. रुपयाचे सोळा आणे, तसं भरघोस पीक सोळा आणे. निम्मं आलं तर आठ आणे. १९५७ साली दशमान नाणी आली, रुपयाचे शंभर पैसे झाले, आणि आणेवारीची 'पैसेवारी' झाली. म्हातारी माणसं अजून आणेवारीच म्हणतात. गावाची पैसेवारी ५० पैशांच्या खाली गेली, की गाव टंचाईत मोडतं. आधी नजरअंदाज, मग सुधारित, मग अंतिम, असे तिचे टप्पे असतात. यातली गोम ध्यानात घ्या. अंतिम आकडा येईपर्यंत खरीप संपलेला असतो, कापूस वेचणीला आलेला असतो, आणि ज्याच्या घरी काहीच आलं नाही त्यानं बैल विकलेले असतात. मोजणी हवीच. पण मोजणी पुरी होण्याची वाट पाहत भूक थांबत नाही.

यापुढची हकिकत तर आगळीच आहे. १९६३ साली महाराष्ट्राच्या विधिमंडळानं एक कायदा केला. राज्याला लागू असलेल्या कायद्यांमधून 'फॅमिन', म्हणजे दुष्काळ, हा शब्दच वगळून टाकायचा आणि त्याच्या जागी 'स्कार्सिटी', म्हणजे टंचाई, हा शब्द घालायचा, असा तो कायदा. त्यामागची भूमिका अशी होती, की शासन शेतीच्या परिस्थितीवर सतत नजर ठेवून असतं, टंचाईची चिन्हं दिसताच मदत सुरू होते, तेव्हा आता दुष्काळ पडायला वावच उरला नाही, मग हा शब्द कशाला हवा?

याला हसू नका. त्यात एक चांगली प्रतिज्ञा होती : आमच्या राज्यात अन्नावाचून माणूस मरू देणार नाही, ही. पण शब्द खोडला म्हणून आभाळाला काही ते कळत नाही. नऊ वर्षांनी, १९७२ साली, पावसानं दगा दिला आणि मराठवाड्यात, पश्चिम महाराष्ट्रात जमीन भेगाळली. कायद्यात शब्द असो वा नसो, लोकांनी त्याला 'बहात्तरचा दुष्काळ' असंच नाव दिलं, आणि तेच टिकलं.

मात्र त्या वर्षी प्रतिज्ञेची लाजही पुष्कळ राखली गेली. रस्ते, पाझर तलाव, बांधबंदिस्ती यांची कामं गावोगाव निघाली. १९७३ च्या मे महिन्यात सुमारे ५० लाख माणसं या कामांवर होती. सुकडी वाटली गेली, परदेशातून आलेला मिलो लोकांनी नाक मुरडत का होईना, पण खाल्ला. हाल झाले, जनावरं गेली, पण छपन्नच्या काळासारखी माणसांची रास पडली नाही. त्यातूनच वि. स. पागे यांच्या पुढाकारानं रोजगार हमी योजना उभी राहिली. तिचा कायदा १९७७ सालचा, आणि तो २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. पुढे २००५ साली देशभरासाठी रोजगार हमीचा कायदा झाला, त्याच्या पाठीशी महाराष्ट्राचा हा अनुभव होता. 'हमी' हा शब्द नीट ऐका. 'काळ' या शब्दात कुणीच जबाबदार नव्हतं, 'हमी' या शब्दात सरकार जबाबदार आहे. पावणेचारशे वर्षांत आपण या एका शब्दापासून त्या शब्दापर्यंत चालत आलो.

पण चाल सरळ नसते, मधे वळणं येतात. अलीकडे एक नवा शब्द निघाला : 'दुष्काळसदृश'. म्हणजे दुष्काळासारखं दिसतं, पण दुष्काळ म्हणवत नाही! २०१६ साली हा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि मे महिन्यात राज्य सरकारनं सुमारे २९ हजार गावांच्या बाबतीत 'दुष्काळसदृश' काढून 'दुष्काळ' असं वाचावं, असा खुलासा केला. त्याच साली केंद्र सरकारची दुष्काळाची नवी नियमपुस्तिका आली. आता नुसती पैसेवारी नाही, तर पावसाची तूट, जमिनीतली ओल, विहिरींतली पाण्याची पातळी, आणि उपग्रहानं टिपलेला पिकांचा हिरवेपणा, हे सारं पाहून तालुक्याचं ठरवायचं.

या नव्या रीतीचा अनुभव आपल्या कारंज्यालाही आला. २०१८ साली पावसानं मधेच ओढ दिली. २३ ऑक्टोबरला राज्यात १८० तालुक्यांत 'दुष्काळसदृश' परिस्थिती जाहीर झाली. पुढे आठच दिवसांनी, ३१ ऑक्टोबरला, १५१ तालुक्यांत 'दुष्काळ' जाहीर झाला. वर्धा जिल्ह्यातले त्यात दोन तालुके होते, आष्टी आणि आपला कारंजा. 'सदृश' गेल्यानं काय झालं? जमीन महसुलात सूट, पीककर्जाचं पुनर्गठन, शेतीकर्जाच्या वसुलीला स्थगिती, शेतीपंपाच्या वीजबिलात सवलत, विद्यार्थ्यांची परीक्षा फी माफ, गरज पडेल तिथे पाण्याचे टँकर, अशा सवलतींना तालुका पात्र झाला. एका शब्दाचं वजन ते एवढं.

आता उलट बाजू पाहू. पाऊस न पडण्याचं झालं, जास्त पडण्याचं काय? सरकारी भाषेत महसूल मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस झाला तर ती 'अतिवृष्टी'. पण आपल्या वऱ्हाड-नागपुराकडे एक पाऊस असा असतो, की तो एका दिवसात ६५ चा आकडा कधीच गाठत नाही. रिपरिप रिपरिप, आठ-आठ दिवस चालूच. सूर्याचं दर्शन नाही, वावरात पाय घालता येत नाही, निंदण खोळंबतं, सोयाबीन पिवळं पडतं, पऱ्हाटीची मुळं गुदमरतात. त्याला आपण काय म्हणतो? 'झडी' म्हणतो. 'झडी लागली' एवढं म्हटलं, की ऐकणाऱ्याला सारं चित्र दिसतं. पण झडीनं पीक गेलं तर ते अतिवृष्टीत बसत नव्हतं. शेवटी २०२३ च्या एप्रिलमध्ये राज्य मंत्रिमंडळानं 'सततचा पाऊस' ही नैसर्गिक आपत्ती मानली आणि तिचे निकष ठरवले. ज्याला गावानं पिढ्यान् पिढ्या नाव दिलं होतं, त्याला कागदावर जागा मिळायला २०२३ साल उजाडावं लागलं!

'ओला दुष्काळ' या शब्दाचं अजून तसं झालेलं नाही. लोक तो सर्रास वापरतात. २०२५ साली पावसानं राज्यात हाहाकार केला, तेव्हा ओला दुष्काळ जाहीर करा अशी मागणी चहूकडून झाली. अशी संज्ञा नियमपुस्तिकेत नाही, असं सरकारनं सांगितलं. तरी दुष्काळात ज्या सवलती देतात त्या लागू करू, असंही सांगितलं. म्हणजे शब्द बाहेरच राहिला, पण त्याचा अर्थ मागच्या दारानं आत आला.

कुणी विचारील, की हे पाऊसमान असं का बदलतंय? इथे दोन शब्दांची फोड करून घेऊ. आज ऊन आहे की आभाळ, ही झाली 'हवा'. तीस-तीस वर्षांची सरासरी काढून एखाद्या मुलखाचं जे ऊन-पावसाचं वळण दिसतं, ते 'हवामान'. माणूस एक दिवस रागावला तर आपण त्याला तापट म्हणत नाही. पण सालोसाल तो अधिकच चिडू लागला तर म्हणतो, गड्याचा स्वभाव बदलला. तसं हे 'हवामान बदल'. सरकारी खात्याच्या नावात त्यालाच 'वातावरणीय बदल' म्हणतात. कोळसा आणि तेल जाळून माणसानं हवेत जे वायू सोडले, त्यांनी पृथ्वीची सरासरी उष्णता शंभर-दीडशे वर्षांत एक अंशाहून अधिक वाढली. हवा एक अंशानं तापली की तिच्यात सुमारे सात टक्के जास्त बाष्प मावतं. मग पाऊस पडतो तेव्हा भांडं पालथं केल्यासारखा पडतो, आणि मधे नुसती उघाड. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेतल्या शास्त्रज्ञांच्या पुढाकारानं झालेला एक अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. १९५० पासून २०१५ पर्यंत मध्य भारतात मोठ्या पट्ट्यावर कोसळणाऱ्या अतिपावसाच्या घटना तिपटीनं वाढल्या, असं त्यात दिसून आलं. मध्य भारत म्हणजे दूरचा मुलूख नव्हे, मंडळी, आपणही त्यातच आलो.

यावरचे उपाय दोन शब्दांत सांगतात. धूर आणि वायू कमी करायचे, ते 'शमन'. जे बदललंय त्याच्याशी जुळवून घ्यायचं, ते 'अनुकूलन'. शब्द जड वाटतात, पण कापसात तुरीचं तास घालणारा शेतकरी अनुकूलनच करीत असतो. एक पीक गेलं तर दुसरं हाती लागावं, हा त्यातला हिशेब. शेततळं खणणं, सरी-वरंब्यावर पेरून जादा पाण्याला वाट देणं, हेही तेच.

शेवटचे दोन शब्द, आणि ते सर्वांत महत्त्वाचे : 'धोका' आणि 'जोखीम'. आपण दोन्ही एकच समजतो, पण आपत्तीच्या शास्त्रात त्यांत फरक करतात. तो समजायला लांब जायला नको. आपल्या उत्तरेला, नागपूर जिल्ह्याच्या नरखेड तालुक्यात, वर्धा नदीच्या काठी मोवाड आहे. सातपुड्यात मुलताईकडे उगम पावणारी ही नदी. ३० जुलै १९९१ रोजी तिला महापूर आला आणि मोवाडमध्ये दोनशेहून अधिक माणसं गेली. पुढे गावाचं पुनर्वसन झालं. पण गेलेली माणसं परत येत नाहीत.

आता पाहा. नदीला येणारा पूर हा धोका. तो निर्जन रानात आला असता तर बातमीही झाली नसती. काठाला लागून वस्ती होती, म्हणून माणसं पुराच्या वाटेत आली. मातीच्या भिंतीचं घर, घरात झोपलेलं मूल, चालता न येणारी म्हातारी, ही झाली 'असुरक्षितता'. वेळेवर दवंडी, उंचावरची जागा, पोहता येणारे तरुण, ही झाली 'क्षमता'. या साऱ्यांचा मेळ घालून जी उरते ती जोखीम. पाऊस थांबवणं आपल्या हाती नाही, तेव्हा धोका राहणारच. पण जोखीम कमी करणं पुष्कळ अंशी आपल्या हाती आहे. छपन्नच्या काळात नि बहात्तरच्या दुष्काळात हाच तर फरक होता! दोन्ही वेळा पाऊस रुसला. एकदा माणसं मेली, एकदा बहुतेक वाचली.

१९९३ च्या किल्लारीच्या भूकंपानंतर महाराष्ट्रानं आपत्तीच्या तयारीचे आराखडे करायला घेतले. २००५ साली देशाचा आपत्ती व्यवस्थापन कायदा झाला. त्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा प्राधिकरण असतं, आणि संकट येण्याआधीची तयारी हेही त्याचं काम असतं. तहान लागल्यावर विहीर खणायची नाही, हेच तर या कायद्याचं सार.

तेव्हा, मंडळी, या हकिकतीचं तात्पर्य काय? संकटाचं नाव जितक्या लवकर आणि जितकं खरं उच्चारलं जाईल, तितकी माणसं वाचतात. नाव घ्यायला सरकारनं उशीर केला तर आपण मुकाट बसायचं नाही. पण नुसतं ओरडूनही भागत नाही. जुन्या संहितेनं अधिकाऱ्यांना ज्या खुणा पाहायला सांगितल्या, त्या आपल्याला अधिकाऱ्यांच्या आधी दिसतात. त्या लिहून ठेवायला हव्यात.

म्हणून शिक्षकांना एक विनंती आहे. शाळेत एक वही घाला. मुलांना घरी आजी-आजोबांना विचारायला सांगा, की झडी किती दिवस चालायची, नाल्याचं पाणी कुठवर चढलं होतं, कोणत्या साली विहीर आटली, गारांनी संत्र्याचा बहार कधी झोडपला. वहीच्या एका रकान्यात गावचा शब्द लिहा, शेजारी सरकारी शब्द लिहा. झडीच्या पुढे 'सततचा पाऊस', आणेवारीच्या पुढे 'पैसेवारी', दवंडीच्या पुढे 'पूर्वसूचना'. रोज सकाळी शाळेत पाऊस मोजा आणि तारखेनिशी आकडा मांडा. दहा वर्षांनी ती वही तालुक्याच्या कचेरीत नेऊन ठेवली, तर तिच्यापुढे कुणालाही 'सदृश' म्हणणं जड जाईल.

काळ पडतो, असं आपले पूर्वज म्हणत. तो पडायचा तेव्हा पडो. त्या वेळी आपण त्याला ओळखलं पाहिजे, त्याचं नाव घेतलं पाहिजे, आणि ते कागदावर चढवलं पाहिजे.